पॅकिंग बदललं, तरी टिकटिक जाईना

हिवाळ्यातल्या सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखाली कोणी टिचक्या मारतंय असा आवाज येतो. दोन सिग्नल ओलांडेपर्यंत तो मंदावतो, इंजिन तापलं की नाहीसा होतो, आणि मालकही त्याला विसरतो. संध्याकाळी गॅरेजात गाडी दाखवावी तर इंजिन गरम, आवाज गायब. मिस्त्री म्हणतो, ‘काय नाय साहेब, चांगली चालतीय.’ काही महिन्यांनी तोच आवाज घाट चढताना, गरम इंजिनातूनही ऐकू येतो. मग निदान होतं की मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं. पॅकिंग बदललं जातं आणि सहा-आठ महिन्यांत टिकटिक पुन्हा हजर होते.

माझ्या एका जुन्या गाडीत हे तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला मी गॅरेजात स्टूल टाकून बसलो. काढलेला मॅनिफोल्ड पालथा घालून त्यावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं की आधीच्या दोन्ही वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. पॅकिंग हा त्या सांध्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरीब भाग. दोष स्टडचा, म्हणजे मॅनिफोल्ड आवळून धरणाऱ्या आटेदार दांड्याचा असो, वाकलेल्या पृष्ठभागाचा असो की लोंबणाऱ्या सायलेन्सरचा, फाटतं ते पॅकिंग, म्हणून नावही त्याचंच येतं.

नावांचा घोळ आधी निस्तरायला हवा. इंजिनाच्या हेडमधून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत तो बहुधा बिडाचा, ओतीव. अमेरिकेत वेगाच्या हौशी मंडळींनी हा जड भाग काढून तिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी असलेलं जुडगं बसवायची प्रथा पाडली. शेवरलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आलं आणि या हौसेला उधाण आलं. त्या जुडग्याला हेडर म्हणतात. आपल्याकडे मॅनिफोल्डपासून शेपटीपर्यंत सगळ्यालाच सायलेन्सर म्हणायची पद्धत आहे, आणि त्याने गिऱ्हाईक-मिस्त्री संवादात बरेच गैरसमज होतात. मॅनिफोल्ड असो की हेडर, हेडला तो जिथे टेकतो तिथे मध्ये बसणारं पातळ पान म्हणजे गॅस्केट. गॅरेजात त्याला पॅकिंग म्हणतात, मीही तेच म्हणतो.

या पानाच्या वाट्याला काय येतं ते एका हिशेबाने समजतं. चार सिलिंडरच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड साधारण ४० सेंटिमीटर लांब धरू. हेड ॲल्युमिनियमचं, पण त्यात पाणी खेळतं, म्हणून ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. मॅनिफोल्डला पाणी नाही. हायवेवर गाडी दामटली की तो ६०० अंशांपर्यंत जातो, आणि पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर त्याच्या आतला वायू ८०० ते ९०० अंशांचा असतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं खरं, पण तापमानातली तफावत त्याहून मोठी आहे. परिणामी हेड पाऊण मिलिमीटर लांबतं तर बिडाचा मॅनिफोल्ड पावणेतीन. हेडर स्टेनलेस स्टीलचा असेल तर हा आकडा चारच्या पुढे जातो. म्हणजे गाडी तापली की दोन घट्ट आवळलेले पृष्ठभाग एकमेकांवरून दोन्ही टोकांना मिळून दोन मिलिमीटर सरकतात, थंड झाली की परत येतात. ऑफिसला जाऊन-येऊन रोज दोन फेऱ्या धरल्या तर वर्षात सहा-सातशे वेळा हे घासणं होतं.

मधल्या स्टडपाशी ही सरक जवळपास शून्य असते आणि टोकांकडे वाढत जाते. मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट असतात ती यासाठीच. स्टड तुटतात तेही बहुधा टोकाचेच. सांध्याने घट्ट दाबून बसायचं आणि तरीही सरकू द्यायचं, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. हे लक्षात न घेता कोणी नट जिवाच्या आकांताने आवळले तर मॅनिफोल्डला सरकायला वाव राहत नाही. लालबुंद अवस्थेत धातू मऊ असतो, तो जागच्या जागी दबतो, आणि थंड झाल्यावर मूळच्यापेक्षा आखूड होतो. पुढच्या वेळी नट सोडले की असा मॅनिफोल्ड हिसका देऊन उसळतो, आणि मग परत बसवताना भोकं स्टडांशी जुळत नाहीत. ‘कालपर्यंत बसत होतं, आज बसत नाही’ या चमत्कारामागे हे असतं.

मुळात पॅकिंग हवंच का, हाही वाद जुना आहे. अमेरिकी स्मॉल ब्लॉकवर कारखान्यातून येणारे बिडाचे मॅनिफोल्ड कित्येकदा पॅकिंगविनाच बसवलेले असत. हेडही बिडाचं, मॅनिफोल्डही बिडाचा, दोन्ही पृष्ठभाग मशिनवर सपाट केलेले. बिडावर बीड बसलं की झालं. त्याच हेडवर हेडर लावला की वायू गळू लागे, कारण हेडरची पट्टी पातळ असते आणि तिला नळ्या वेल्ड करताना ती केळ्यासारखी वाकते. मग जाड पॅकिंग घाला, ते जळालं की आणखी जाड घाला. ‘पॅकिंगशिवाय बसवा’ म्हणणारे आणि ‘चांगल्या कंपनीचं पॅकिंग लावा’ म्हणणारे अजून एकमेकांशी भांडतात. मला वाटतं, दोघंही एकच गोष्ट सांगताहेत: पॅकिंगची गरज किती, हे पृष्ठभाग किती बिघडलाय त्यावर ठरतं. चांगले हेडर बनवणारे नऊ-साडेनऊ मिलिमीटर जाडीची पट्टी वापरतात आणि वेल्डिंग झाल्यावर ती पुन्हा मशिनवर सपाट करून घेतात. काही जण तर प्रत्येक सिलिंडरची पट्टी वेगळीच ठेवतात, म्हणजे प्रसरणाचा ताण एकावरून दुसरीवर जात नाही. अखंड पट्टी असेल तर दोन भोकांच्या मधोमध करवतीने काप द्यायचा, हा जुन्या हौशी लोकांचा इलाजही याच तत्त्वावरचा. पहिल्यांदा ऐकल्यावर धडकी भरते, पण काम करतो. मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनांत तर मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांतच बनवतात आणि तुकडे एकमेकांत सरकतील असे सांधे ठेवतात.

निदानात सगळ्यात जास्त फसगत टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या, आवाजाने होते. इंजिन ९०० फेऱ्यांवर रिकामं चालत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो, आणि प्रत्येक व्हॉल्व्हही तेवढ्याच वेळा उघडतो. त्यामुळे लयीवरून दोन्हींत फरक करता येत नाही. फरक पडतो तो भाराने. ॲक्सिलरेटर दाबला, गाडी चढाला लागली की गळतीचा आवाज मोठा आणि कोरडा होतो, टॅपेटचा फारसा बदलत नाही. दुसरी खूण थंड-गरमची. धातू फुगला की फट मिटते म्हणून गळतीचा आवाज तापल्यावर कमी होतो. (तापल्यावर वाढणारी गळतीही असते, पण ती बहुधा पॅकिंगची नसून बिडातल्या चिरेची असते.) जुने मिस्त्री एकेका प्लगची वायर काढून ऐकत. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर टिकटिक थांबली, तिथे गळती. उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हे करू नये, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. तिथे इंजेक्टरचं कनेक्टर काढावं, तेही काही सेकंदांपुरतं.

डोळ्यांनाही दिसतं. डिझेल गाडीत पॅकिंगच्या कडेला काळ्या काजळीचं पंख्यासारखं फर्राटं उमटतं. पेट्रोल गाडीत ते करडं, फिकट असतं आणि हातबत्तीशिवाय दिसत नाही. पण मला सगळ्यात आवडलेली पद्धत साबणाच्या पाण्याची. इंजिन थंड आणि बंद. सायलेन्सरच्या शेपटीत घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू फडक्याने घट्ट बसवायची, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तशीच ही युक्ती आहे. जिथे बुडबुडे, तिथे गळती. चिरा, वेल्डिंगमधली भोकं, सेन्सरचे आटे, सगळं एका फटक्यात उघडं पडतं. पॅकिंग मागवण्याआधी ही दहा मिनिटं घालवलेली बरी. गरम बीड पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्याचा फटका बसून चिरतं, आणि ती चीर सांध्यापासून बोटभर अंतरावर असली तरी आवाज हुबेहूब पॅकिंगचाच येतो. वरचं पत्र्याचं संरक्षक कवच ‘खडखडतंय’ म्हणून काढून टाकलेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो.

‘नुसता आवाजच तर आहे’ हे म्हणणं जुन्या कार्बुरेटरच्या गाडीपुरतं थोडंफार चालून जाई. आताच्या गाडीत मॅनिफोल्डच्या पुढेच ऑक्सिजन सेन्सर असतो. वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. धक्का पुढे गेला की मागे क्षणभर दाब कमी होतो, आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं की मिश्रणात पेट्रोल कमी आहे. संगणक पेट्रोल वाढवतो. मायलेज घसरतं, कन्व्हर्टरवर ताण येतो, इंजिनाचा दिवा लागतो, आणि पुष्कळदा बिचारा सेन्सर बदलला जातो. इथेही संन्यासीच. टर्बो असलेल्या गाडीत तर मॅनिफोल्डमधला दाब हेच टर्बोचं भांडवल. तो वाटेतच गळाला तर टर्बो उशिरा जागा होतो आणि गाडी ‘ओढत नाही’. पीयूसीच्या वेळीही हे बाहेर येऊ शकतं. नव्या मानकांच्या पेट्रोल गाड्यांत इंजिन २५०० फेऱ्यांच्या आसपास धरून लॅम्डा, म्हणजे आदर्शाच्या तुलनेत हवा-पेट्रोलचं प्रमाण, मोजतात, आणि तो १ च्या मागेपुढे ०.०३ मध्ये असावा लागतो. बाहेरची हवा मिसळली तर आकडा हलतो.

गंभीर गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. कन्व्हर्टरच्या आधीचा वायू म्हणजे न धुतलेला विषारी वायू. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. गाडीच्या आत येणारी हवा पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेशीच, घेतली जाते. चालत्या गाडीत वाऱ्याने बराचसा वायू निघून जातो. गळती असलेली गाडी उभी करून, एसी लावून आत झोपणं मात्र जिवावर बेतू शकतं. बॉनेटमधून जळका वास आत येत असेल, प्रवासात सगळ्यांचं डोकं चढत असेल, तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणायची ही वेळ नाही.

आता खुद्द पॅकिंगकडे. हा धंदा कुठून आला याची एक गंमत: अमेरिकेतली फेल-प्रो ही प्रसिद्ध पॅकिंग कंपनी १९१८ मध्ये शिकागोत सुरू झाली ती फोर्डच्या मॉडेल टी गाडीसाठी नमद्याचे, म्हणजे फेल्टचे भाग पुरवायला. नावातलं ‘फेल’ ते तेच. एक्झॉस्टला नमदा चालणार नाही, तिथे पुढची अनेक दशकं ॲस्बेस्टॉसने राज्य केलं. दोन बाजूंना तांब्याचा किंवा पत्र्याचा पातळ थर, मध्ये ॲस्बेस्टॉस. उष्णता सोसणारं, दबणारं, स्वस्त. सांध्यासाठी याहून सोयीचा पदार्थ सापडणं कठीण होतं, आणि फुप्फुसांसाठी याहून वाईटही. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती लागू झाली, आणि अमेरिकेने क्रायसोटाइल या शेवटच्या वापरातल्या प्रकारावर, गॅस्केटांसकट, मार्च २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याची बंदी जाहीर केली. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला, पण वापर पूर्ण थांबलेला नाही. ट्रक-टेम्पोच्या सायलेन्सरच्या सांध्याला पांढरी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची पद्धत अनेकांनी पाहिली असेल. जुन्या गाडीचं मूळ पॅकिंग खरवडताना ते ॲस्बेस्टॉसचंच आहे असं समजूनच वागावं: पाण्याने भिजवून काढावं, तारेचा ब्रश लावलेलं ड्रिल फिरवू नये, आणि काँप्रेसरच्या हवेने फुंकर तर अजिबात मारू नये. नेमकी हीच फुंकर आपल्याकडे सफाईने मारली जाते.

ॲस्बेस्टॉसची जागा ग्रॅफाइटने घेतली. भोकं पाडलेल्या पातळ पोलादी पत्र्यावर दोन्ही बाजूंनी ग्रॅफाइट दाबलेलं असतं. ते मऊ असल्याने पृष्ठभागातले लहान खड्डे भरून काढतं आणि गुळगुळीत असल्याने सरकूही देतं. पण त्याची एक खोड आहे. हवेच्या संपर्कात, साडेचारशे अंशांच्या वर, ग्रॅफाइट हळूहळू जळू लागतं. सांधा घट्ट असेल तर हवा पोचत नाही, पान वर्षानुवर्षं टिकतं. एकदा का बारीक फट पडली की गरम वायू आणि हवा मिळून कड खात जातात, आणि केसाएवढी वाट महिन्याभरात बोटाएवढी होते. म्हणून काढलेल्या पॅकिंगवर मोठं भगदाड दिसतं तेव्हा ते पॅकिंग ‘हलक्या प्रतीचं’ होतं असा निष्कर्ष घाईचा ठरतो. भगदाड नंतर पडलेलं असतं. आधी काय हललं, ते शोधायचं.

नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी स्टेनलेस पत्र्याचं एक किंवा अनेक थरांचं पॅकिंग असतं. त्यावर भोकाभोवती उठाव दिलेला असतो आणि तो स्प्रिंगसारखा काम करतो: सांधा किंचित उघडला तर उठाव वर येऊन फट भरतो. याचं आयुष्य मोठं, पण त्याला पृष्ठभाग आरशासारखा लागतो. वाकलेल्या मॅनिफोल्डवर ते ग्रॅफाइटपेक्षाही आधी गळतं. महागडं पॅकिंग लावूनही फायदा झाला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं इथेच चुकलेलं असतं.

राहिलं तांबं. हौशी लोकांचं हे लाडकं, कारण ते पुन्हा वापरता येतं. एकदा दाबलं गेलं आणि तापण्या-निवण्यातून गेलं की ते कडक होतं, तसंच बसवलं तर गळतं. ते मंद लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं. पोलादाचं याच्या उलट: तापवून विझवलं की कडक. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याला मठार काम करणाऱ्या कारागिराला हे सांगावं लागत नाही; ठोकून ठोकून तांबं ताठलं की तो भांडं पुन्हा भट्टीत घालतो. एकदा एका मिस्त्रीने ‘पाण्यात बुडवल्यावर ते कडक नाही का होणार?’ म्हणून माझ्याशी पैज लावली होती. चहा त्याने पाजला.

प्रत्यक्ष दुरुस्तीत वेळ, पैसा आणि शिव्या यांतला मोठा वाटा स्टडचा. वर्षानुवर्षं तापून-निवून नट आणि स्टड गंजाने एकजीव झालेले असतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. इथे घाई केली की स्टड हेडच्या पातळीवर तुटतो आणि तासाभराचं काम दोन दिवसांचं होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. नट सोडताना एकदम न ओढता पाव फेरी मागे, थोडं पुढे, पुन्हा मागे, असं खेळवावं. नट तापवून त्यावर मेणबत्ती टेकवली की पातळ झालेलं मेण आट्यांत ओढलं जातं, ही युक्ती कुठल्याही महागड्या फवाऱ्याच्या तोडीची आहे. नट मुळीच सुटत नसेल तर तो कापून काढावा. नट मिळतो, हेड मिळत नाही.

तुटलाच, तर तुटक्या टोकावर एक मोठा नट ठेवून त्याच्या आतून वेल्डिंग भरायचं. ॲल्युमिनियमला पोलादाचं वेल्डिंग चिकटत नाही, म्हणून हेड सुरक्षित राहतं. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज फुटतो, आणि थोडं निवल्यावर नव्या नटाला पाना लावला की बहुधा तुकडा फिरतो. पहिल्या प्रयत्नात नाही, तर तिसऱ्या-चौथ्या. ड्रिल मारून उलट आट्यांचा काढणीचा दांडा घालण्याची सवय मात्र घातक. तो दांडा कडक पोलादाचा. आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही, आणि मग हेड उतरवून मशिनशॉपला न्यावं लागतं. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, हा मान्य आणि टिकाऊ उपाय आहे. त्याला जुगाड समजायचं कारण नाही. नवे स्टड त्याच इंजिनासाठी बनलेले घ्यावेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट त्या उष्णतेत ताण धरत नाही, काही दिवसांत लांबतो आणि सांधा सैल पडतो. स्प्रिंग वायसरही तिथे तापून चपटे होतात, म्हणून कारखाने तांब्याचा मुलामा दिलेले लॉक नट देतात.

दुसरी पायरी सपाटीची, आणि नेमकी हीच वगळली जाते. मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी सरळपट्टी उभी धरून खालून फीलर गेज सरकवायचं. बऱ्याच सर्व्हिस पुस्तिकांत मर्यादा ०.१ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. माझ्या गाडीच्या मॅनिफोल्डखालून अर्ध्या मिलिमीटरचं पातं बिनदिक्कत आरपार गेलं होतं. अशा मॅनिफोल्डला मशिनशॉपमध्ये फेसिंग मारून घ्यावं लागतं. थोडंसं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून हाताने घासूनही सपाट करता येतं, फक्त चिकाटी हवी. हेडची बाजू मात्र कानशीने सपाट करायला जाऊ नये, ती सहसा बिघडलेली नसते.

फेसिंग हा सरसकट उपाय नाही, याचं आपल्या ओळखीचं उदाहरण ॲम्बेसेडरचं आहे. तिचं १४८९ सीसीचं इंजिन मूळ ब्रिटिश बीएमसीच्या ‘बी’ मालिकेचं. त्यात आत जाणाऱ्या मिश्रणाचा मॅनिफोल्ड आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसतात. दोघांना मिळून एकच पॅकिंग, आणि मधल्या स्टडांवरचे जाड वायसर दोन्हींच्या कडा एकाच वेळी दाबतात. आता एक्झॉस्टचा भाग वाकला म्हणून तेवढ्यालाच फेसिंग मारलं तर त्याची कड शेजारच्यापेक्षा पातळ होते. वायसर जाड बाजूवर टेकतो आणि पातळ बाजू सैलच राहते. गळती थांबवायला केलेल्या कामानेच गळती होते. उपाय एकच: दोन्ही भाग एकमेकांना जोडून एकत्र फेसिंग मारायचं. ॲम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण जपून ठेवलेल्या गाड्यांच्या मालकांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

आवळण्याबद्दल थोडक्यात. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, दोन-तीन टप्प्यांत. आठ मिलिमीटरच्या स्टडला सहसा २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. पान्याला पाइप घालून त्यावर लटकणाऱ्याने हा आकडा कितीतरी पटींनी ओलांडलेला असतो. पुस्तिकेने मनाई केली नसेल तर गाडी दोन-चार वेळा तापून निवल्यावर, थंड अवस्थेत, एकदा पुन्हा तपासावं.

आणि सीलंट? लाल किंवा तांबूस सिलिकॉन साडेतीनशे अंशांच्या आसपास हात टेकतं. हेडच्या तोंडाशी त्याचा निभाव लागत नाही, शिवाय सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारक. एम-सीलबद्दल न बोललेलं बरं. भट्टीचं सिमेंट मागच्या नळ्यांच्या सांध्यांना चालतं, कारण तिथे सरक कमी असते. मॅनिफोल्डला ते ठिसूळ होऊन भुगा होतं. बिअरच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं पॅकिंग मी एका ढाब्यासमोर पाहिलं आहे. ट्रकवाल्याला त्याने मुक्कामी पोचवलं असणार, आणि त्याहून जास्त त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती.

माझ्या गाडीचं निदान फेसिंगवर थांबलं नाही. मॅनिफोल्ड वाकला तो का, हा प्रश्न उरला होता. गाडी वर उचलल्यावर दिसलं की सायलेन्सरला टांगणारे मधले रबर तुटलेले होते आणि लवचिक जाळीचा पाइप गंजून आखडला होता. आडवं बसवलेलं इंजिन दर ॲक्सिलरेटरला पुढेमागे डुलतं. ती जाळी हे डुलणं पिऊन टाकण्यासाठीच असते. ती आखडल्यावर प्रत्येक स्पीडब्रेकरला सायलेन्सरचं सगळं वजन तरफेसारखं मॅनिफोल्डच्या सांध्यावर येत होतं. रबर काही शे रुपयांचे होते. त्यांच्यापायी मी दोन पॅकिंग, एक ऑक्सिजन सेन्सर आणि तीन वेळची मजुरी घालवली होती.

कारखान्यांनी या सांध्याचा कायमचा बंदोबस्त वेगळ्या वाटेने केला आहे. मॅनिफोल्ड हेडच्याच ओतकामात घ्यायचा आणि त्याभोवती पाणी खेळवायचं. मग सिलिंडरागणिक पॅकिंगच नको. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये हे होतं, आणि ते इंजिन २०१३ मध्ये इकोस्पोर्टमधून आपल्याकडे आलं. चाकणला तयार होणाऱ्या कुशाक आणि टायगुनमधलं एक लिटरचं टीएसआय इंजिनही याच घडणीचं. त्यात इंजिन लवकर तापतं, वायू कमी गरम बाहेर पडतो, आणि तीन भोकांचा लांबलचक सांधा जाऊन टर्बोच्या तोंडाशी एक लहान सांधा उरतो. मॅनिफोल्डला चीर गेली तर अख्खं हेड बदलावं लागणार, हा त्याचा दुसरा भाग. त्या एकुलत्या सांध्यावरही पातळ पोलादी पॅकिंग असतंच. परवा गॅरेजात अशाच एका गाडीचं बॉनेट उघडं होतं. टर्बोच्या तोंडाशी काजळीचं छोटंसं फर्राटं होतं, आणि मिस्त्री फोनवर कुणाला तरी पॅकिंगचा पार्ट नंबर सांगत होता.